जिची पत्रं येतात, ती बेपत्ता कशी?

आजचा विषय थोडा वेगळा आहे. इतिहासाच्या व्याख्यानात सहसा लढाया, तह, राजे, आंदोलनं येतात. आज आपण एका बाईंबद्दल बोलणार आहोत. त्या 1956 साली पुण्याहून मुंबईला निघाल्या आणि परत आल्या नाहीत. त्यांच्याबद्दल शेजाऱ्यांनी, नातेवाइकांनी, पोलिसांनी आणि शेवटी देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारला. आपल्यासमोर जो पुरावा आहे तो नेमकं काय सांगतो?

हा विषय मिरजेत बोलायचा म्हटल्यावर वासुदेवशास्त्री खरे यांची आठवण होणारच. शास्त्रीबुवा इथल्या हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. पटवर्धनांच्या दप्तरातली मोडी पत्रं त्यांनी एकेक करून वाचली, लावली आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ म्हणून छापली. हे काम ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे की जुनं पत्र हातात आलं की लगेच मजकुरावर विश्वास ठेवायचा नसतो. अक्षर कुणाचं? शिक्का आहे का? तारीख आहे, पण साल आहे का? पत्र जिथून आलं म्हणतात तिथे लिहिणारा त्या दिवशी होता का? हे सगळं झाल्यावर मग मजकूर. संशोधकाची ही सवय आज आपल्याला उपयोगी पडणार आहे, कारण आपल्या गोष्टीत पत्रं भरपूर आहेत.

आणि बेपत्ता माणूस जिवंत की मृत हा प्रश्न मराठी इतिहासाला नवा नाही. 1761 साली पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण भाऊ जिवंत आहेत अशी वार्ता पुढे कित्येक वर्षं फिरत राहिली. मग भाऊ म्हणवणारा माणूस उभा राहिला. लोकांनी त्याला पाहिलं, चर्चा केली, कुणी म्हणालं हेच भाऊसाहेब, कुणी म्हणालं तोतया. चौकशी झाली, खुणा तपासल्या गेल्या, आणि तोतया ठरूनही तो पुन्हा सैन्य जमवून उभा राहिला. 1776 मध्ये त्याला मृत्युदंड झाला तेव्हा ते प्रकरण मिटलं. म्हणजे पंधरा वर्षं. यातून एक गोष्ट ध्यानात ठेवू. ज्यांना माणूस परत यायला हवा असतो त्यांना पुरावा एक दिसतो, ज्यांना नको असतो त्यांना दुसरा दिसतो.

आता पुण्याला येऊ.

शुक्रवार पेठेत लक्ष्मीबाई कर्वे राहायच्या. माहेरच्या त्या इंदुमती पोंक्षे. 1922 साली लग्न झालं, नाव लक्ष्मीबाई झालं, आणि वाड्यात, आळीत सगळे त्यांना माई म्हणायचे. यजमान 1945 मध्ये गेले. थोरला मुलगा सैन्यात, त्यामुळे कायम बाहेरगावी. धाकटा 1954 मध्ये वारला. माईंना मधुमेह होता, क्षय होऊन गेला होता. पैसा मात्र होता. शेअर, बँकेतल्या ठेवी, दागिने. म्हणजे चित्र बघा. पन्नाशीकडे झुकलेली, आजारांनी वयाआधी थकलेली विधवा, घरात जवळचं कुणी नाही, आणि हाताशी बऱ्यापैकी मालमत्ता. अशी म्हातारी किंवा म्हातारपणाकडे लागलेली माणसं आजही आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत.

त्याच वाड्यात डॉ. अनंत चिंतामण लागू भाडेकरू होते. त्यांचे भाऊही डॉक्टर. माईंवर औषधोपचार यांचेच. हळूहळू पैशाचे व्यवहारही डॉक्टर बघू लागले. यात तेव्हा कुणालाच काही गैर वाटलं नाही. घरातला डॉक्टर म्हणजे अर्धा नातेवाईक, ही आपल्याकडची पद्धतच होती. मिरजेला हे वेगळं सांगायला नको. वानलेस साहेबांच्या मिशन हॉस्पिटलपासून या गावानं हे बघितलंय, की रात्रीच्या गाडीनं कुणीतरी पेशंट घेऊन उतरतो आणि स्टेशनवरचा माणूस त्याला विचारतसुद्धा नाही की तू हिचा कोण.

12 नोव्हेंबर 1956 च्या रात्री माई डॉ. लागू यांच्याबरोबर पुण्याहून पॅसेंजर गाडीनं मुंबईला निघाल्या. मुंबईच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांना प्रकृती दाखवायची होती. 13 तारखेच्या पहाटे गाडी व्हीटीला पोचली तेव्हा माई बेशुद्ध होत्या. लागू यांनी त्यांना जवळच्या जी. टी. हॉस्पिटलमध्ये नेलं. तिथे नाव सांगितलं, इंदुमती पौनशे. सकाळी साडेअकराच्या सुमारास त्या वारल्या. शुद्धीवर आल्याच नाहीत.

इथे जरा थांबू. नाव खोटं सांगितलं का? पूर्ण खोटं नाही. माहेरचं नाव इंदुमती होतंच. आडनाव पोंक्षे होतं, त्याचं पौनशे झालं. म्हणजे विचारलं तर म्हणता येईल की बाईंचं माहेरचं नाव सांगितलं, लिहिणाऱ्यानं चुकीचं लिहिलं. पण ज्या नावानं पुणं त्यांना ओळखत होतं, ते लक्ष्मीबाई कर्वे हे नाव हॉस्पिटलच्या कागदावर आलं नाही. इतिहासाच्या अभ्यासात अस्सल वाटणाऱ्या बनावट कागदांची हीच तऱ्हा असते. निखालस खोटं पटकन सापडतं. खऱ्याला थोडंसं वळवलेलं असलं की ते वर्षानुवर्षं सापडत नाही.

मृतदेह न्यायला कुणी आलं नाही. तो बेवारस ठरला. असे मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयाकडे विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी जात. हाही तिकडेच निघाला होता. पण अंगावरची एक खूण दिसली, शंका आली, आणि 23 नोव्हेंबरला शवविच्छेदन झालं. व्हिसेरा रासायनिक तपासणीला गेला. विष सापडलं नाही. मृत्यूचं कारण लिहिलं गेलं मधुमेहातली बेशुद्धी. मुंबईच्या बाजूनं फाईल बंद.

म्हणजे मुंबईत एक देह आहे, ज्याला खरं नाव नाही. आणि पुण्यात एक नाव आहे, जिचा देह कुठे आहे ते कुणाला माहीत नाही. मधे एकशे नव्वद किलोमीटरची रेल्वे. दोन्ही टोकांना जोडणारा माणूस एकच.

आता पुण्यात काय चाललं होतं? माई कुठे आहेत असं कुणी विचारलं, तर उत्तर होतं. त्या प्रवासाला गेल्यात. आणि मग पत्रं यायला लागली. माईंच्या नावाची. मी सुखरूप आहे, माझी काळजी करू नका. पुढे एक मोठी बातमी आली, की माईंनी जोशी नावाच्या गृहस्थांशी पुनर्विवाह केला आहे, त्या जयपूरजवळ राठोडी नावाच्या गावी राहतात आणि आता परत येणार नाहीत. दुसरीकडे माईंचे शेअर, लाभांश, बँकेतले पैसे एकेक करून डॉ. लागू यांच्या ताब्यात जात होते. कागदांवर माईंच्या सह्या होत्या.

या पत्रांनी काय केलं ते नीट समजून घ्या, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा हाच आहे. आपल्याला वाटतं, पत्रांनी लोकांना फसवलं. ते तर खरंच. पण त्याहून मोठं काम त्यांनी केलं. त्यांनी माईंना ‘बेपत्ता’ होऊच दिलं नाही. जिची पत्रं येतात ती बेपत्ता कशी? पोलिसात जाऊन तुम्ही काय सांगणार? आमच्या माई हरवल्या? मग हे पत्र काय आहे? कायद्याच्या बाजूनंही बघा. 1872 च्या पुरावा कायद्यात तरतूद होती, आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे, की ज्यांना खबर लागली असती त्यांना सात वर्षं एखाद्याची काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे असं म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं. पण अधूनमधून खबर येतच असेल तर ही सात वर्षं सुरूच होत नाहीत. एक पोस्टकार्ड आलं की घड्याळ पुन्हा शून्यावर.

मग हे उलगडलं कसं? मला इथे त्या नातेवाइकांचं आणि ओळखीच्यांचं कौतुक वाटतं. त्यांच्यापैकी कुणी गुप्तहेर नव्हतं. पण त्यांच्याकडे एक गोष्ट होती, जी मुंबईच्या हॉस्पिटलकडे किंवा बँकेच्या कारकुनाकडे नव्हती. त्यांना माई माहीत होत्या. या वयाची, या प्रकृतीची, आळीतली माणसं धरून राहिलेली बाई कुणाला न सांगता राजस्थानात जाऊन लग्न करते? बरं, केलं. पण निरोप समक्ष कुणाला नाही? एकही माणूस असा नाही की ज्यानं तिला तिथे पाहिलं? अशा साध्या प्रश्नांतून शंका वाढत गेली. चौकशा झाल्या, तक्रारी गेल्या, आणि माई निघून गेल्यावर साधारण सव्वा वर्षानं, 1958 साली, पोलीस तपास खऱ्या अर्थानं सुरू झाला. पुण्यातलं हरवलेलं नाव आणि मुंबईतला बेनामी देह यांची गाठ तेव्हा पडली. लागू यांना अटक झाली. खटला पुण्याच्या सत्र न्यायालयात चालला. फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि अपील दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेलं. ‘अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य’. तेव्हा अजून महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं, म्हणून ‘मुंबई राज्य’.

14 डिसेंबर 1959 ला निकाल लागला. खंडपीठावर तीन न्यायमूर्ती होते. एस. के. दास, एम. हिदायतुल्ला आणि ए. के. सरकार. यातले सरकार आणि हिदायतुल्ला दोघेही पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. त्या दिवशी मात्र दोघांची मतं वेगळी झाली, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

प्रश्न असा होता. विषप्रयोगाचा आरोप सिद्ध करायला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. मृत्यू विषानं झाला, आरोपीजवळ विष होतं आणि ते देण्याची संधी त्याला होती. इथे संधी उघड होती, गाडीत दुसरं जवळचं कुणी नव्हतं. पण विष सापडलंच नव्हतं. मग?

बहुमताचा निकाल हिदायतुल्लांनी लिहिला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की विष सापडलं नाही म्हणून विष नव्हतंच असं होत नाही. अनेक विषं तपासणीत सापडत नाहीत, आणि इथे आरोपी स्वतः डॉक्टर आहे. अशा वेळी बाकीची परिस्थिती एकत्र बघायची. मधुमेहातली बेशुद्धी साधारणपणे हळूहळू येते, तिची लक्षणं असतात. ती इथे पटण्यासारखी दिसत नाहीत. मग खोटं नाव. नातेवाइकांना कळवलं नाही. मेलेल्या बाईला जिवंत ठेवणारी पत्रं. मालमत्ता हळूहळू आपल्याकडे. सुटं सुटं बघितलं तर प्रत्येक गोष्टीला काही ना काही खुलासा देता येईल. पण सगळ्या एकत्र ठेवल्या तर खुलासा एकच उरतो. अपील फेटाळलं गेलं.

न्यायमूर्ती सरकार यांनी असहमती नोंदवली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. लागू यांचं पुढचं वागणं लबाडीचं आहे, यात वाद नाही. पण समजा माई आजारानंच वारल्या, आणि मग या माणसाच्या मनात आलं की मृत्यू लपवला तर मालमत्ता घेता येईल. तरीही तो असाच वागला असता. खोटी पत्रं लिहिली असती, पैसे काढले असते. म्हणजे ते वागणं चोरी सिद्ध करतं, खून सिद्ध करतं का? मृत्यू अनैसर्गिक होता हेच निर्विवादपणे दाखवलं गेलेलं नाही.

एकच कागदपत्रं, तेच साक्षीदार, आणि देशातले तीन निष्णात न्यायाधीश. दोघे म्हणतात खून सिद्ध झाला. एक म्हणतो नाही. घरात चहा पिताना आपण जे प्रकरण पाच मिनिटांत निकाली काढतो, त्यावर ही अवस्था आहे.

पुढे 1984 मध्ये पुण्याच्याच एका प्रकरणात, शरद बिरधीचंद सारडा खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रं मांडली आणि आरोपीची सुटका केली. तिथेही विषाचाच प्रश्न होता. साखळीची प्रत्येक कडी पक्की हवी, आणि निर्दोषत्वाशी सुसंगत असा एकही खुलासा शिल्लक राहता कामा नये. वकिलीच्या विद्यार्थ्यांना ही पाच सूत्रं पाठ असतात. त्यामागे लागू खटल्यापासून चालत आलेला हा सगळा वाद आहे, हे माहीत असायला हवं.

आता कुणी म्हणेल, एवढी काळजी कशासाठी? शेवटी नातेवाइकांची शंका बरोबरच निघाली ना? हो, निघाली. पण न निघाल्याची उदाहरणं इतिहासात आहेत, आणि ती भयंकर आहेत.

इंग्लंडमध्ये कॅम्पडेन नावाचं गाव आहे. 1660 च्या ऑगस्टमध्ये विल्यम हॅरिसन हा सुमारे सत्तर वर्षांचा कारभारी वसुलीला गेला आणि परत आला नाही. रस्त्यात त्याची टोपी सापडली, कापलेली. गळपट्टीला रक्त. गाव म्हणालं, खून झाला. त्याच्या नोकरानं तर कबुलीच दिली, की माझ्या आईनं आणि भावानं मारलं. 1661 मध्ये नोकर, आई, भाऊ, तिघांना फाशी दिलं. आणि 1662 मध्ये हॅरिसन चालत गावात परत आला! टोपी खरी, रक्त खरं, कबुलीही दिलेली. माणूस मात्र जिवंत. देह सापडल्याशिवाय खुनाची शिक्षा देताना न्यायालयं पुढे शतकानुशतकं कचरत राहिली, त्याच्या मागे अशी प्रकरणं आहेत.

1926 मध्ये लेखिका अगाथा ख्रिस्ती अकरा दिवस बेपत्ता होत्या. हजारो स्वयंसेवक शेतं-तळी शोधत होते, वर्तमानपत्रं नवऱ्याकडे बोट दाखवत होती. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल यानं त्यांचा हातमोजा एका अतींद्रियशक्तीवाल्याकडे नेला. बाई सापडल्या हॅरोगेटच्या हॉटेलात, दुसऱ्या नावानं राहत होत्या. आणि अगदी अलीकडे, 2013 मध्ये, बोस्टनच्या बॉम्बस्फोटानंतर हौशी शोधकांनी फोटो जुळवून एका विद्यार्थ्याला गुन्हेगार ठरवलं. तो आधीच महिनाभर बेपत्ता होता. घरचे त्याला शोधत होते, आणि त्यांच्यावर शिव्यांचा पाऊस पडला. काही दिवसांनी त्याचा मृतदेह मिळाला. स्फोटाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

म्हणून पुण्यातल्या त्या नातेवाइकांनी नेमकं काय केलं आणि काय केलं नाही, ते बघायला हवं. त्यांचा पहिला प्रश्न ‘कुणी मारलं?’ हा नव्हता. ‘माई कुठे आहेत?’ हा होता. दोन्ही प्रश्नांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या प्रश्नात उत्तर आधीच धरलेलं असतं. दुसऱ्यात माई खरोखर लग्न करून सुखात असण्याची शक्यताही उघडी राहते. आणि ती राहायलाच हवी. विधवेनं दुसरं लग्न करणं, नातेवाइकांना टाळून दूर जाणं, हा तिचा अधिकार आहे. ‘आमच्या माई असं करणारच नाहीत’ हे वाक्य शंकेची सुरुवात म्हणून ठीक. पुरावा म्हणून ते कच्चंच. शास्त्रीबुवांच्या भाषेत सांगायचं तर, पत्राचा मजकूर पटत नाही एवढ्यानं पत्र बनावट ठरत नाही. अक्षर बघा, ठिकाण बघा, तिथे जाऊन माणूस बघा.

आज एखाद्या आजी हरवल्या की तासाभरात फोटो सगळीकडे फिरतो. हे चांगलंच आहे, त्यानं माणसं सापडतात. पण दुसऱ्या तासाला सुनेकडे बोट, तिसऱ्या तासाला शेजाऱ्याकडे. सीसीटीव्हीतली पाठमोरी बाई ‘त्याच आहेत’ असं छातीठोक सांगणारे दहा आणि ‘नाहीत’ म्हणणारे दहा. तुम्हाला मदत करायची असेल तर तुमच्याकडे जी माहिती आहे तेवढीच पोलिसांना द्या, वेळ आणि ठिकाणासकट. तुम्ही पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं आणि तुम्हाला वाटलेलं वेगळं. तीन रकाने करा. बहुतेक भांडणं तिसऱ्या रकान्यातली असतात.

आणि त्याही आधीचं एक काम आहे. आपल्या ओळखीत एकटं राहणारं वयस्क माणूस असेल आणि त्यांचे फक्त निरोप येत असतील, मग ते पत्र असो की मोबाईलवरचा मेसेज, तर आवाज ऐका. जमलं तर जाऊन भेटा. त्यांच्याबद्दलची सगळी माहिती एकाच व्यक्तीच्या तोंडून येत असेल तर जरूर भेटा. माईंच्या बाबतीत सव्वा वर्ष गेलं, ते एवढ्या एका गोष्टीमुळे.

व्याख्यान इथे संपतं. एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, तो वाचतो. ‘तुमचं स्वतःचं मत काय? खून झाला होता का?’

मी निकाल दोन्ही बाजूंनी वाचला आहे. बहुमताचा युक्तिवाद मला जास्त पटतो. विशेषतः ते नाव. माणूस आजारानं मरायला टेकलाय, तुम्ही त्याला वाचवायला हॉस्पिटलात आणलंय, आणि दारात पाऊल टाकतानाच तुम्ही त्याची ओळख पुसता? लोभ मृत्यूनंतर सुचला असं म्हणायचं, तर नाव मृत्यूच्या आधीच का बदललं? सरकार यांच्या म्हणण्याला याचं उत्तर द्यावं लागेल असं मला वाटतं. पण हे माझं वाटणं आहे, म्हणजे तिसऱ्या रकान्यातलं. सरकार यांचं असहमतीचं मत म्हणूनच आपण वाचलं पाहिजे. ज्याच्याबद्दल आपली पक्की खात्री आहे, त्याच्या बाजूनं काय म्हणता येईल, हे एका मोठ्या न्यायाधीशानं तिथे शांतपणे लिहून ठेवलंय.